लॅबमामांचं जंगल

लॅबमामा कातळावर पाय ठेवण्याआधी चपला काढून हातात घ्यायचे. "दगड आधी पायाला कळतो, बाई," म्हणायचे. मी रत्नागिरीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे, ते तिथल्या प्रयोगशाळेचे शिपाई. मूळचे संगमेश्वराकडच्या शेतकरी घरातले. पण समुद्रात घुसलेलं ते डोंगराचं टोक त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. सुट्टी मिळाली की ते तिथेच सापडायचे.

दर हिवाळ्यात आम्ही नववीची सहल त्या टोकावर न्यायचो. ओहोटीची वेळ मामाच सांगायचे. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, मी बोलायचे: हा जांभा, त्याच्याखाली काळा बेसॉल्ट. मुलं मुकाट्याने वहीत उतरवून घ्यायची. खाली उतरलो की मामा एखाद्या खळग्यापाशी उकिडवे बसायचे. "बोट नको घालू, नुसती सावली पाड." सावली पडताच पाण्यात फुलासारखा उमललेला किडा झटकन नळीत शिरायचा आणि मुलं ओरडायची. मी मागे त्यांच्या वह्या सांभाळत उभी. माझ्या तासाला कुणी कधी असं ओरडलं नव्हतं.

एका वर्षी जांभ्याखालची दरड ढासळून काळसर पट्टा उघडा पडला होता. मामांनी त्यातला तुकडा माझ्या हातावर ठेवला. डोळे नुसते चमकत होते.

"बाई, हे जंगल हाय. वरचा दगड व्हायच्या आधी हितं झाडं होती."

मला ते माहीत नव्हतं. आणि मुलं माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती.

"बोटींचं डांबर आहे हे, मामा. मुलांना काहीही सांगत जाऊ नका."

मुलं हसली. मामा "असंल, बाई," म्हणाले. त्यानंतरच्या सहलींना ते यायचे, पाण्याचे कॅन उचलायचे. बोलायचे मात्र नाहीत.

डांबर म्हटलं त्याच संध्याकाळी मी तो तुकडा घरी गॅसवर धरून पाहिला. डांबर वितळलं असतं. हा लाकडासारखा धुमसला. मोडला तर आत झाडाच्या रेषा स्पष्ट दिसल्या. मी कुणालाच सांगितलं नाही. मामा निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं, टोकाचं नावसुद्धा काढलं नाही.

गेल्या वर्षी न राहवून त्यांच्या गावी गेले. अंगणात बसून सगळं सांगितलं.

"मला ठाऊक होतं, बाई," ते शांतपणे म्हणाले. "पोरांना सांगितलंत?"

"नाही."

मामांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "मग माझ्याकडं कशाला आलात? डांबर म्हणून पोरं शिकली ना! त्यांना सांगा."

परत आल्यावर मी त्या तुकडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळं लिहिलं. कुणी मुंबईत, कुणी जयगडच्या बंदरात कामाला. भराभर उत्तरं आली. "मामा कसे आहेत?" "मामांचा नंबर द्या ना, बाई." "मामा अजून टोकावर जातात?"

माझ्या चुकीबद्दल एकानेही विचारलं नाही. मी नंबर पाठवला, आणि खळग्यापाशी वह्या सांभाळताना जळायचे तशीच या वयातही मामांवर जळले.