सतरा एक

निःशेषकाकांना ‘साधारण’ या शब्दाची शिसारी होती. कुणी तो उच्चारला की तोंडात खवट शेंगदाणा आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. सातपूरच्या आमच्या कारखान्यात ते तपासणी विभागात होते. सायखेड्याहून रोज यायचे. यंत्रावरून उतरलेली प्रत्येक दांडी स्वतः मोजायचे आणि मगच कागदावर सही करायचे. “मोजलं नाय त्याच्यावर सही म्हंजे खोटी साक्ष,” असं ते म्हणत.

निःशेषकाका हे नाव कामगारांनी ठेवलेलं. दिसेल त्या आकड्याला कशानं तरी निःशेष भाग जातो का, हे पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नसे. एकाने त्र्यंबकेश्वरच्या कुणा ज्योतिषाला विचारून गाडीचा नंबर घेतला, बेरीज नऊ येणारा. काका म्हणाले, “बेरीज नऊ म्हंजे नवानं भाग जातो, बस. नशीब कुठं दिसलं तुला त्याच्यात?” आणि पचकन बाजूला थुंकले.

पण त्यांचा जीव अडकला होता तो एका लांबलचक आकड्यात. सतरा वेळा एक. शाळेतल्या गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं की ही मूळ संख्या नाही, हिचे अवयव पडतात. शिवाय एक खूणही दिली होती: चौतीसने भागल्यावर बाकी एक उरते, अशाच संख्येनं हिला भाग जाईल. अकरा एकांचे अवयव काकांनी तरुणपणीच काढले होते. सतरा एकांसाठी त्या खुणेच्या संख्या लहानापासून क्रमाने घेत पहाटे घरी दहा भागाकार आणि दुपारी डबा आटोपल्यावर दहा, असं आठ वर्षं चाललं होतं. वही आमच्या तपासणीच्या कागदासारखीच आखलेली. पानाच्या तळाशी ‘मोजणारा’ आणि ‘तपासणारा’ अशा दोन रेघा, आणि दोन्हींवर काकांचीच सही.

मी तेव्हा नवा इंजिनिअर होतो, अंगात मस्ती होती. एकदा पन्नास दांड्यांपैकी पाचच मोजल्या आणि उरलेल्या रकान्यांत साधारण तेच आकडे भरून सही ठोकली. काकांनी कागद चिमटीत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा. सगळ्यांसमोर म्हणाले, “साहेब, घाण केली तुम्ही ही.” आणि एकट्याने पन्नासही दांड्या पुन्हा मोजायला बसले.

मला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका भागाकार करत होते. मी मोबाईल काढून सतरा एकांचा अवयव शोधला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस! झालं काका, सुटलं तुमचं गणित!” दोघं-तिघं हसले. मीही हसलो.

काकांनी पेन खाली ठेवलं. “दुसऱ्यानं चघळलेलं माझ्या तोंडात कोंबलं रे तुम्ही,” एवढंच म्हणाले आणि नळावर जाऊन खळखळून चूळ भरून आले. त्यानंतर कारखान्यात ती वही कधी दिसली नाही. माझ्याशी मात्र ते पहिल्यासारखंच वागले, आणि तेच मला सोसवत नव्हतं. माफी मागायचं मी आज-उद्या करत राहिलो. तेवढ्यात ते निवृत्त झाले.

गेल्या वर्षी ते गेल्याचं कळलं तेव्हा सायखेड्याला गेलो. त्यांच्या सुनेने वही आणून हातात दिली. “आबा म्हणले व्हते, साहेब आले तर द्या.”

मी तिथंच ओट्यावर बसून ती उघडली. शेवटचा भागाकार २०५०२०१ चा होता. तिथून मी वाचलेल्या संख्येपर्यंत चौतीस-चौतीसच्या टप्प्यांनी सहाशे तेहेतीस भागाकार, म्हणजे जेमतेम महिन्याभराचं काम उरलं होतं! आठ वर्षं खपलेल्या माणसाचा तो महिना मी एका फुटकळ रागापायी नासवला होता. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

पान उलटलं. मी वाचून दाखवलेल्या संख्येचा तिच्या जोडीदाराशी, ५३६३२२२३५७ शी, हाताने केलेला गुणाकार होता. खाली सतरा एक, ओळीने, सुबक. मोबाईलवरही त्यांनी विश्वास ठेवला नव्हता. तळाशी त्याच दोन रेघा. ‘तपासणारा’च्या पुढे काकांची सही होती. ‘मोजणारा’ची रेघ त्यांनी कोरी सोडली होती.