नजर जाईल म्हणून ठेवलेली दाढ

पाहुण्यांच्या बायका माझी हनुवटी धरून म्हणायच्या, "जबडा कसा बारीक हाय पोरीचा, आईवर गेलीया." मला बरं वाटायचं. पुढं त्याच बारीक जबड्यात अक्कलदाढ यायला निघाली आणि तिला जागाच नव्हती.

पोलीस भरतीच्या मैदानाला नऊ दिवस राहिले होते. विट्याजवळच्या आमच्या गावातून तासगावच्या रस्त्याला मी दोन वर्षं रोज धावले होते. आठशे मीटरची वेळ एकेका सेकंदानं खाली आणली होती. आणि नेमका तेव्हाच डावा गाल फुगला. तोंड बोटभरसुद्धा उघडेना. चुलते हसून म्हणाले, "आता अक्कल येतीया, दुखणारच की!" ज्याला दोन्ही बाजूंनी भाकरी चावता येते त्यानं असले विनोद करू नयेत. तेव्हा मला साधे दातओठही खाता येत नव्हते.

मी म्हटलं, सांगलीला दाताच्या डॉक्टरकडं जाते. आई उसळलीच.

"दाढ काडली की नजर जाती. पलीकडच्या आण्णांचं बगितलं न्हाईस व्हय?"

पलीकडच्या आण्णांना मोतीबिंदू होता. गावातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. तरी खापर दाढेवरच फुटलं होतं.

"मैदान मारशील, आन मेडिकलात डोळ्यापायी बाद हुशील," आई म्हणाली. "आठ दिस दम काड. मिश्री लाव."

मिश्री म्हणजे जाळलेल्या तंबाखूची पूड. आईच्या कमरेला तिची डबी कायम असायची. तिनं स्वतःच्या बोटानं ती माझ्या हिरडीवर दाबली. डोकं गरगरलं, ओकारी आली, दुखणं तासभर गप्प झालं आणि मग दुप्पट उठलं.

मी बारावीला जीवशास्त्र शिकलेली मुलगी. दाढेचा डोळ्याशी संबंध नसतो हे मला ठाऊक होतं. तरी मेडिकलचं नाव काढल्यावर मीही भ्याले, आणि गेले नाही. आईचा येतो तितकाच राग मला स्वतःचाही येतो तो यासाठी.

आठ दिवस नुसती पेज आणि दूध, त्यावर साताऱ्याचं मैदान. पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या फेरीत प्रत्येक पावलाचा दणका थेट जबड्यात बसायला लागला. शेवटच्या वळणावर डोळ्यांपुढं अंधारी आली. जिला मी सरावात रोज मागं टाकायचे ती माझ्या पुढं निघून गेली. यादीत माझा नंबर नव्हता. घरी म्हणाले, नशिबात नव्हतं. नशीब कसलं डोंबलाचं! चार घास पोटात गेले असते तर मी पळाले असते.

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता मी सांगलीची एसटी धरली. डॉक्टरबाईंनी फोटो दाखवला. दाढ आडवी पडून शेजारच्या दाढेला ढुसण्या देत होती. "जबडा लहान आहे तुमचा. घरात आणखी कुणाचा आहे का असा?" त्यांनी विचारलं. मी रागात होते, नुसतं आईचं नाव सांगितलं आणि पुढं विचार केला नाही. आधी सूज उतरायला गोळ्या दिल्या, आठवड्यानं दाढ काढली. अर्ध्या तासाचं काम होतं.

दुपारी घरी आले. आई दारातच उभी होती.

"दिसतंय न्हवं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडात कापसाचा बोळा होता. तरी उंबऱ्यातूनच मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधली सगळ्यात बारीक अक्षरं वाचायला लागले, एकादशी, चतुर्थी, सूर्योदय, सूर्यास्त. शेजारी ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं.

आई ऐकत राहिली. मग कमरेची डबी हातात घेऊन खाली बसली. डबी न उघडता तिनं दुसरा हात स्वतःच्या गालावर, पार कानाजवळ ठेवला.

"माजीबी काडत्याल का गं?"

"कवापासनं दुखतीया?"

"तू पोटात हुतीस तवापासनं. मिश्री काय हौसंनं लावती व्हय?"

तिला ऐकवायला जमवलेलं सगळं त्या कापसामागंच अडकलं. राग गेला नाही. कुणावर काढायचा एवढंच कळेना. मी तिच्या हातातली डबी काढून घेतली आणि तिची चप्पल पुढं सरकवली. सांगलीची साडेतीनची गाडी अजून यायची होती.