नालबंद चाचांचा सलाम

वडवणीचे नालबंद चाचा आधी घोड्याचा गुडघा चाचपतात, मग माणसाला सलाम करतात. शर्यतीतून काढलेला चार वर्षांचा घोडा मी वरातींसाठी आणला आणि विचारलं, "रोज किती काम द्यावं?"

"गुडगा तव्यावानी तापलाय, मालक," म्हणत त्यांनी चारही नाल उपटून स्वतःच्या पिशवीत टाकले. "दोन महिने नुसतं रानात चरू द्या."

ऐन लग्नसराईत! मी लई चिडलो. पण बिननालाचा घोडा डांबरावर नेणार कसा?

दोन महिन्यांनी चाचा आपणहून आले. घोडा रानात उधळत होता. ते बघून त्यांनी पिशवीतून नाल काढले आणि माझा जीव भांड्यात पडला.

"आता दिवसाला एकच वरात. ती बी गावातल्या गावात."

मग माझ्या ध्यानात आलं, आज त्यांनी आधी मला सलाम केला होता.