खाणारे हात, थांबवणारे हात

माझी धाकटी बहीण दिल्लीतल्या द्वारकेत आमच्याच सोसायटीत राहायची आणि शाळेत जीवशास्त्र शिकवायची. मी सरकारी फायलींचा माणूस. त्यामुळे ती आजारी पडली तेव्हा तिचा आजार मला समजावण्याचं कामही तिच्यावरच पडलं.

"दादा, माझीच प्रतिपिंडं माझ्या प्लेटलेट्सना चिकटतात. पण खातात त्या प्लीहेतल्या पेशी. त्यांना हातांसारखे रिसेप्टर असतात, ते प्रतिपिंडाची शेपटी पकडतात आणि प्लेटलेट गिळतात."

"मग ते हातच काढून टाकायचे."

"यार दादा, जंतू आले तर? काही हात खा म्हणतात, काही थांब म्हणतात. माझ्या गोळ्यांनी खाणारे कमी होतात. पण ताप आला की शरीर ते पुन्हा वाढवतं. म्हणून ताप आला की थेट हॉस्पिटल."

मी मान डोलावली. फायलीवर 'पाहिले' लिहितो, तशी.

दर संक्रांतीला आम्ही पानिपतला, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जायचो. महाराष्ट्रातून कुणी ना कुणी पाहुणे आलेले असायचे. त्यांना लढाई सांगायचं काम मी आपणहून घेतलेलं. दरवर्षी माझ्या लढाईतले घोडे वाढायचे आणि मागे उभी राहून बहीण ते कमी करायची. "दादा, मागच्या वर्षी इतके नव्हते." पाहुणे त्यालाच हसायचे.

त्या वर्षी धुक्यात निघालो तेव्हा ती गप्प होती.

"ताप नाही ना गं?"

"बिल्कुल नाही. चलो, पाहुणे थांबलेत."

मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. लोकरीचा हातमोजा न काढता. काहीच गरम लागलं नाही, तेव्हा समाधानाने गाडी सुरू केली.

काला अंबला ती मागेच उभी होती, पण घोडे कमी केले नाहीत. मला वाटलं, चला, यंदा आपल्याला जमलं.

परतताना तिच्या नाकातून रक्त आलं. हॉस्पिटलात कळलं, प्लेटलेट्स जवळपास संपल्यात. दुसऱ्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं सलाईनमधून चढवली. खाणारे हात त्यांच्यात गुंततील, पण गुण यायला दोनेक दिवस लागतील, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याच दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला आणि ती गेली.

पुढे भाचीला आईच्या पर्समध्ये तापाच्या गोळ्यांची पट्टी सापडली. दोन गोळ्या कमी होत्या. "आई म्हणाली होती, मामाला नको सांगूस. वर्षभर वाट बघतो तो या दिवसाची."

यंदा भाचीच म्हणाली, जाऊया. मी हातमोजे घरी ठेवले. पाहुण्यांना सांगता सांगता घोड्यांपाशी आलो, खरा आकडा आठवेना, आणि मागे वळून पाहिलं. तिथे भाची उभी होती, नाक लाल झालेलं. बोलणं तसंच सोडून मी तिच्या कपाळाला हात लावला.

"मामा, ताप नाहीये मला. हात बर्फ झालाय तुमचा."

मी हात तसाच ठेवला. पाहुणे थांबून राहिले.