अक्काची मस्कतची पेटी

सकाळी साडेसहाला सुहासचा फोन आला. सुहास माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. तळकोकणातल्या पालीच्या घरी तो आणि माझी बहीण अक्का, दोघंच. "काका, आत्या गेली. पहाटे, झोपेतच... तुम्हाला यायला दीड दिवस लागतो ना? वैशाख आहे, एवढा वेळ राखता नाही येणार." मी म्हणालो, "हो रे, तेवढा लागतोच. उरकून घ्या."

मस्कत ते मुंबई विमानाला पावणेतीन तास लागतात. अंतर सोळाशे किलोमीटरही नाही. मुंबईहून पालीच लांब पडते, सात-आठ तास. त्याच दिवशी निघालो असतो तर रात्री घरात असतो. सकाळपर्यंत त्यांनी नक्की राखलं असतं. पण "आज येतो" म्हणालो असतो तर वीस वर्षांचं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी निघालो. राख सावडायला पोचलो.

आई गेल्यावर मला अक्काने वाढवलं. नोकरीला पहिल्यांदा मस्कतला गेलो तेव्हा वाटेत विमान बदलावं लागलं होतं, दीड दिवस मोडला होता. तेवढं खरं. पुढच्या वर्षी सरळ विमान मिळालं, पण ते तिला सांगितलंच नाही. जवळ आहे म्हटलं की गणपतीला ये, शिमग्याला ये, छप्पर शाकारायचंय ये... मला नको होतं ते. आणि तिने विश्वास ठेवला, याचाही मला राग येतो. "एवढी हाडं मोडीत नको येऊस," म्हणायची, "देव समजून घेतो."

झाडावरचं आंब्याचं फळ किती तयार झालं ते आमच्याकडे आण्यांत सांगतात, सोळा आणे म्हणजे पूर्ण. चौदा आणे झालं की काढायचं. अक्का पेटी जाणार कुठे ते विचारून फळ निवडायची. कोल्हापूरला चौदा आणे; मस्कतला माझ्यासाठी, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर, बारा आणे. मी एकदा कुरकुरलो तर म्हणाली, "मेल्या, दोन दिवसांची वाट तुझी. तयार फळ दिलं तर पेटीत लगदा होईल." कोवळा काढलेला आंबा पिकत नाही, सुकतो. दरवर्षी फोनवर मी सांगायचो, "साखर आहेत गो, साखर!"

दिवसकार्याला जमलेल्यांपैकी चौघांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "परदेशात असलं की नशीबच असं." नशीब कसलं डोंबलाचं! त्यांच्यासमोर मान हलवली, तीही खोटीच.

सगळे गेल्यावर सुहास माजघरात आंबे पिकवायच्या अढीतला पेंढा उपसत होता. कोपऱ्यात एक पेटी वेगळी, वर कोळशाने माझं नाव. जाण्याच्या दोन दिवस आधी अक्काने भरलेली. "काका, ही फळं सुकलीत पार. टाकू?"

"नको. ...सुहास, पावणेतीन तास लागतात रे."

"कशाला?"

"मस्कतहून मुंबईला."

तो पेंढा हातात धरून उभा राहिला. "मग फोनवर हो का म्हणालात? मी दोनदा विचारलं असतं तर?"

"दोनदाही हो म्हणालो असतो."

तो बाहेर निघून गेला. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतो, बरोबरच आहे.

रजा वाढवून घेतली आहे. रोज सकाळी त्या पेटीतला एक आंबा काढतो. सालीला सुरकुत्या, आत पांढरट, दात आंबतात. कोयीपर्यंत खातो. आज अकरा उरलेत.