आत्याचा अमिबा आणि पौर्णिमेची खीर

जळगाव जामोदला बुद्धपौर्णिमेची खीर माझ्या आत्यानंच ढवळायची, हा आमच्या विहाराचा अलिखित कायदा. खिरीच्या मोठ्या पातेल्याजवळ, म्हणजे गंजाजवळ, कुणी उगाच घुटमळलं की आत्या ढवळायचा सराटा उगारते.

त्या वर्षी पोट दुखलं म्हणून तिची शौचाची तपासणी झाली आणि रिपोर्टात अमिबा निघाला. तिच्या धाकट्या जावेनं ते भर विहारात जाहीर केलं.

"आमी खीर खाव का हिच्या पोटातले किडे?"

झालं! आत्याच्या हातचा सराटा गेला. ती रुसली, जेवेना.

"उकळत्या दुधात किड्याचा बापही जगत नाई, काकू," मी जावेला समजावलं.

"तू तं तिचीच भाची!"

मी बुलडाण्याच्या कॉलेजात याच परजीवींवर काम करते. आत्याला म्हटलं, "मले नमुना दे. सूक्ष्मदर्शकातून दोन अमिबा हुबेहूब सारखे दिसतात. एक आतडं पोखरतो, दुसरा नुसता आयतं खाणारा पाहुणा. आधी दोघांले एकच समजत. आता डीएनए तपासला की जात कळते."

"किड्यायतबी जाती? आपून तं त्या सोडून आलो ना वं!"

हसली एकदाची.

बर्फात ठेवलेली नमुन्याची बाटली स्टीलच्या डब्यात घालून, डबा मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. शेजारच्या आजींचे डोळे चमकले.

"माहेरचा डबा दिसते. काय देल्लं?"

"आत्यानं सकाळीच, ताजं ताजं देल्लं."

"वास नाई येत काही."

"झाकण घट्ट हाय, आजी. नशीब आपलं!"

प्रयोगशाळेत डीएनए वेगळा काढला, यंत्रात घातला आणि पडद्यासमोर नखं खात बसले. निघाला तो पाहुणाच! मी तिथूनच फोन लावला. "आत्या, तुहा अमिबा गरीब हाय. पोट त्याच्यानं नाई दुखलं, त्याच्यासाठी औषध नको. पण पोटात शिरला तो घाणीतूनच, तवा हात साबणानं धूत जा. पाणी उकळून पे."

माझा रिपोर्ट विहारात वाचला गेला, सराटा परत मिळाला आणि पौर्णिमेला आत्या कोपरापर्यंत हात धुऊन गंजापाशी उभी राहिली. धाकटी जाऊ वाटी घेऊन आली, तसा सराटा हवेतच थांबला.

"हिचाबी डबा ने वं पोरी. हिच्या पोटात कोनता हाय ते कळू दे, मंग वाढतो."

सगळा विहार खिदळला. जाऊ लालेलाल.

"वाढा ना आता, बाई. कवाची उभी हाओ."

आत्यानं गंजाचं बूड खरवडलं. ती खरपूस खरवड ती कधी कुणाला देत नाही, मलाही नाही. आज सगळी जावेच्या वाटीत पडली.