पोथीचा क्रम मी लावला होता

"ताई, पाच मिनिटं माझं पब्लिक व्हा," मृण्मयी मॅडम म्हणाल्या. "मी बोलते, तुम्ही फक्त ऐका."

म्युझियमच्या स्टोअरमध्ये मी स्टुलावर बसले. चार दिवसांवर त्यांचा प्री-सबमिशन सेमिनार होता. म्हणजे पीएचडीचा प्रबंध जमा करण्याआधी तो सगळ्यांसमोर मांडायचा. प्रश्न येणार, उत्तरं पटली तरच पुढे. आणि पुढे क्युरेटरची नोकरी. म्युझियममधल्या वस्तूंचा अभ्यास आणि मांडणी बघतो तो क्युरेटर. मॅडमना ज्या जागेसाठी अर्ज करायचा होता, तिथे पीएचडी हवीच होती. पाच वर्षं घातली होती त्यांनी.

लॅपटॉपवर चित्रकथी उघडली. पूर्वी कथेकरी एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायचा. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. ही पोथी आमच्याच स्टोअरमधली.

"बघा, यात युद्ध आधी येतं, लग्न नंतर, आणि राजपुत्राचा जन्म जवळजवळ शेवटी. म्हणजे कथेकरी गोष्ट मुद्दाम उलटसुलट सांगत होता. हे आजवर कुणी म्हटलेलं नाही!"

तो क्रम कथेकऱ्याचा नव्हता. माझा होता.

पोथी आली तेव्हा मला इथे कामाला लागून आठवडा झाला होता. मी भंडाऱ्याकडची, नववीत शाळा सुटलेली. नवऱ्याला मार्केट यार्डात काम मिळालं म्हणून पुण्यात आले. आपटे सर इथले क्युरेटर. त्यांनी शिक्षण न विचारता, हात स्वच्छ आहेत का एवढं बघून मला स्टोअर असिस्टंट म्हणून घेतलं. काम चोख दिसावं म्हणून मी काय केलं, तर गठ्ठा आवरला. हाताने कापलेले कागद, बोट-दोन बोटं लहानमोठे. मोठे खाली, लहान वर. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याच क्रमाने चित्रांच्या मागे पेन्सिलने नंबर टाकले. मॅडम त्या नंबरांवर विसंबल्या होत्या.

"कसं वाटलं?"

"छान," म्हटलं आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आले. पुढच्या महिन्यात माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? पण सेमिनारमध्ये एखाद्याने खोदून विचारलं तर? उभ्या राहणार मॅडम, मी नाही.

परत येऊन सांगून टाकलं. मॅडम आधी हसल्या. मग खुर्चीत बसल्या.

"हे आत्ता सांगताय, ताई?"

"आत्ताच कळलं, मॅडम. नंबरांवरून असं काही काढतात हे मला कुठे ठाऊक?"

त्यांनी सरांना बोलावलं. सरांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला.

"नंबर मी टाकले. आधी फोटो काढायला हवा होता, तोही मीच. पण तुम्ही म्हणता म्हणून प्रबंधाचं अख्खं प्रकरण फाडायचं का? पुरावा काय?"

मी म्हटलं, "सर, कसर." कागद खाणारा किडा तो. "तो सरळ भोक पाडत जातो. एकावर एक असलेल्या चित्रांत भोकं एका जागी हवीत. आता बघा, जुळतात का?"

सरांनी पहिली तीन चित्रं शेजारी ठेवली. नव्हती जुळत.

मग दोन दिवस तेच काम. प्रत्येक चित्राचा फोटो, मूळ मापात पारदर्शक फिल्मवर प्रिंट. फिल्म एकावर एक ठेवायच्या आणि उजेडासमोर धरायच्या, म्हणजे मूळ चित्रांना हात नको. बाहेरच्या चित्रांना भोकं जास्त, आत जावं तशी कमी. त्यावरून क्रम लागत गेला. मॅडम माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. "ही धरा." "वर घ्या." मलाही तेच बरं वाटत होतं.

दुसऱ्या संध्याकाळी जन्म आधी आला, मग लग्न, मग युद्ध. साधी सरळ गोष्ट. मधल्या सहा चित्रांना भोकच नव्हतं, त्यांचा क्रम शेवटपर्यंत लागला नाही.

"पाच वर्षांचा शोध," मॅडम म्हणाल्या, "एका किड्याने खाल्ला."

"सेमिनारमध्ये परीक्षकांनी खाल्ला असता," सर म्हणाले. "किडा परवडला."

सेमिनारला मॅडमनी जुना दावा मागे घेतला, कारण सांगितलं, फिल्म दाखवल्या. अर्धा तास प्रश्न झाले. शेवटी प्रकरण नव्याने लिहून प्रबंध जमा करा, असं ठरलं. क्युरेटरच्या अर्जाची मुदत मात्र त्यात गेली. पुढच्या जाहिरातीची त्या वाट बघताहेत. मी दोनदा माफी मागितली. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "पुरे आता. चहा पाजा."

माझ्याबद्दल सरांनी एवढंच केलं. पोथीच्या नोंदीखाली काय झालं ते माझ्याच हाताने लिहायला लावलं. मी लिहिलं, सही केली. सरांनी वाचलं.

"नववीत शाळा सोडून पीएचडीचं प्रकरण बदलवलंत. दहावी झाला असतात तर आम्हाला घरी बसावं लागलं असतं."

आणि नव्या कॉन्ट्रॅक्टचा कागद त्यांनी सही करून माझ्यापुढे सरकवला.

आता गठ्ठा आला की मी आधी फोटो काढते, मग सुतळी सोडते. आपल्याला जो पसारा दिसतो, तो कुणीतरी तसाच लावलेला असू शकतो. आवरण्याआधी विचारावं.